पाळणाघर सुरू झाल्यावर बाळाची दिवसाची झोप : बडोद्यातील पालकांपुढचे पर्याय

पाळणाघर निवडताना पालक प्रथम घरापासूनचे अंतर विचारतात, मग फी, मग जेवण, आणि अलीकडे कॅमेऱ्याची सोय. बाळ दिवसा किती वाजता, कशावर आणि कोणाच्या हाताने झोपणार हा प्रश्न बहुधा पहिला आठवडा उलटल्यावर, म्हणजे बाळ रोज संध्याकाळी किरकिर करून सारे घर बेजार करू लागल्यावर, पुढे येतो. या आढाव्यात तोच प्रश्न आधी घेतला आहे, कारण दीड वर्षाच्या आतील मुलाला एखादे पाळणाघर मानवते की नाही हे माझ्या मते फीपेक्षा आणि खेळण्यांपेक्षा दिवसाच्या झोपेवर अधिक अवलंबून असते.

निर्णयाची वेळ कायद्यानेच बरीचशी ठरवून दिली आहे. प्रसूतिलाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली आणि त्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात, त्यामुळे आई कामावर रुजू होते तेव्हा बाळ साधारण चार ते सहा महिन्यांचे असते. साठवलेली रजा जोडून किंवा सासर-माहेरच्या आधारावर आणखी दोन-तीन महिने निभावले, तरी पाळणाघराचा पहिला दिवस उजाडतो तो बाळ दिवसातून दोन किंवा तीन वेळा झोपत असतानाच. चार ते बारा महिन्यांच्या बाळाला चोवीस तासांत, दिवसाची झोप धरून, १२ ते १६ तास आणि एक ते दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास झोप लागते. सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान तिसरी, म्हणजे संध्याकाळची, छोटी झोप सुटते. बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान सकाळची झोप सुटून जेवणानंतरची एकच उरते. आणि तीही बहुतेक मुलांची तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान बंद होते. पुढील पर्यायांची तुलना करताना आपले मूल या क्रमात नेमके कोठे आहे हे पालकांनी आधी ठरवून घ्यावे, कारण एकच पाळणाघर सात महिन्यांच्या बाळाला गैरसोयीचे आणि दीड वर्षाच्या मुलाला अगदी योग्य असू शकते.

अलकापुरी, गोत्री, वासणा रोड या पश्चिमेकडील भागांत मोठी, नर्सरीला जोडलेली पाळणाघरे आढळतात. तेथे साडेअकराच्या सुमारास जेवण आणि साडेबारा ते अडीच सर्वांनी झोपायचे, अशा स्वरूपाचा ठरलेला क्रम असतो. एकदा झोपणाऱ्या मुलासाठी हा क्रम उत्तम आहे. खोलीत अंधार केलेला असतो, उन्हाळ्यात वातानुकूलन असते, शेजारची मुले आडवी झालेली दिसतात, आणि घरी मांडीशिवाय न झोपणारे मूलही काही दिवसांत गादीवर थोपटून घेऊ लागते. ही किमया पाहून अनेक आया थक्क होतात आणि थोड्या हिरमुसतातही, पण त्यात नवल नाही. घरी आई समोर असताना मूल झोपेच्या वेळीही तिच्याकडे काहीतरी मागू शकते, तेथे तो पर्यायच नसतो.

दोन वेळा झोपणाऱ्या बाळाची मात्र याच क्रमात ओढाताण होते. सात-आठ महिन्यांचे बाळ सलग दोन ते तीन तासच सुखाने जागे राहू शकते. ते साडेसहाला उठले, तर नऊच्या सुमारास, म्हणजे पाळणाघरात पाऊल ठेवतानाच, त्याच्या डोळ्यांवर झोप असते. पण त्या वेळी तेथे गाणी आणि खेळ चालू असतात. मग ते अकराला कोणाच्या तरी खांद्यावर वीस मिनिटे पेंगते, त्या डुलकीने झोपेची ओढ कमी होते, आणि साडेबाराला दिवे मालवले की ते टक्क जागे असते. लहान बाळाच्या झोपेचे एक आवर्तन पाऊण तास ते तासाभराचे असते आणि आवर्तनाच्या शेवटी झोप हलकी होते. घरी त्या क्षणी कोणीतरी थोपटते आणि झोप पुढे सुरू राहते, तर वीस मुलांच्या खोलीत कोणाच्या तरी रडण्याने ती तेथेच मोडते. पहिल्या महिन्यात ‘पाळणाघरात फक्त चाळीस मिनिटेच झोपतो’ ही तक्रार ऐकू येते तिचे कारण बहुधा हेच असते, आणि त्यात कोणाचा हलगर्जीपणा असतोच असे नाही. म्हणून अशा केंद्रात तान्ह्या मुलांची खोली वेगळी आहे का, आणि तेथे सकाळची झोप होऊ देतात का, हे दोन प्रश्न प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी विचारावेत. उत्तर गुळमुळीत आले तर मूल एका झोपेवर येईपर्यंत तेथे न घालणे बरे. मनुष्यबळाचाही अंदाज घ्यावा: केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालील दर १० मुलांमागे एक सेविका आणि सोबत मदतनीस अपेक्षित आहे, आणि झोपवण्याच्या वेळी हे प्रमाण खरेच पाळले जाते का, हे दुपारी साडेबाराला प्रत्यक्ष जाऊनच कळते. सकाळी दहाच्या भेटीत सगळीच पाळणाघरे सुंदर दिसतात.

दुसरा पर्याय मांजलपूर, कारेलीबाग, वाघोडिया रोड अशा भागांतील सोसायट्यांमध्ये एखाद्या बेनने (गुजरातीत ताईने) स्वतःच्या घरात चालवलेल्या पाळणाघराचा. मुले पाच-सहा, वेळापत्रक लवचिक, आणि सकाळी बाळ हातात देताना ‘बेन, आजे छ वाग्यानो उठेलो छे’ (आज सहापासून उठलेला आहे) एवढे सांगितले की तेथील अनुभवी बाईला बाकीचा हिशेब कळतो. सहा ते पंधरा महिन्यांच्या बाळासाठी, केवळ झोपेचा विचार करता, मी हाच पर्याय पहिला ठेवेन. येथे बाळाला घड्याळाप्रमाणे झोपावे लागत नाही. जांभई आली, कान ओढू लागले, नजर स्थिर झाली, की त्याला आत नेले जाते.

मात्र या पर्यायाचा एक दोष असा आहे की तो सुरुवातीला गुणासारखा वाटतो. झोपलेले मूल सांभाळायला सोपे असते, म्हणून अशा घरांत बाळाला दुपारी तीन-साडेतीन तास झोपू दिले जाते, आणि आईला ‘आज खूप छान झोपला’ असे ऐकून समाधान वाटते. ते बाळ रात्री अकरापर्यंत खेळत राहते आणि सकाळी सातला डबे, अंघोळी आणि रिक्षाच्या धांदलीत त्याला ओढून उठवावे लागते. आठवड्याभरात रात्रीची झोप दिवसाकडे सरकते. त्यामुळे किती झोपला यापेक्षा शेवटचा किती वाजता उठला हे रोज विचारावे, आणि वर्षाच्या आतबाहेरच्या मुलाला साडेतीन-चारनंतर झोपू देऊ नये अशी स्पष्ट विनंती करावी. दूरदर्शन संचाचा आवाज, दाराची घंटा, शेजारणींची ये-जा हे किरकोळ दोष आहेत. बेनच्या घरी लग्न निघाले की आठवडाभर पाळणाघर बंद, हा किरकोळ नाही, पण तो झोपेच्या विषयाबाहेरचा आहे.

याच ठिकाणी घोडियुंचा विचार करावा लागतो. बडोद्यातील मराठी घरांत पाळणा असला तरी शेजारच्या गुजराती घरांतून आलेले घोडियुं, म्हणजे चौकटीला टांगलेली कापडी झोळी, अनेकांनी स्वीकारली आहे, आणि घरगुती पाळणाघरांत ती सर्रास दिसते. दोरी ओढली की बाळ पाच मिनिटांत झोपते, ही तिची ताकद. परंतु झोळीत बाळाचे शरीर वाकलेले राहते आणि लहान बाळाची हनुवटी छातीवर टेकून श्वासाला अडथळा होऊ शकतो. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२२ साली दिलेल्या सूचनांनुसार पहिल्या वर्षात बाळाला पाठीवर, घट्ट व सपाट पृष्ठभागावर, उशी, सैल पांघरूण आणि मऊ खेळण्यांशिवाय झोपवावे. डोके गोल व्हावे म्हणून दिली जाणारी राईची उशीही त्यात बसत नाही. आजीला हे पटवणे अवघड असते याची मला कल्पना आहे. तरीही पाळणाघरात, जेथे एका बाईचे लक्ष अनेक मुलांत विभागलेले असते, झोळी न वापरणे हेच मी सुचवेन. शिवाय व्यवहाराचाही मुद्दा आहे: मोठे केंद्र निवडले असेल तर तेथे झोळी बहुधा नसते, म्हणून पाळणाघर सुरू होण्यापूर्वी दोन-तीन आठवडे घरी निदान सकाळची झोप सपाट गादीवर, नुसते थोपटून, घेण्याची सवय लावावी. सगळ्या झोपा एकदम बदलण्याची गरज नाही.

तिसरा पर्याय अर्ध्या दिवसाचा: बाळ सकाळी पाळणाघरात, एक वाजता आजी-आजोबा घरी आणणार, दुपारची झोप घरी. दांडिया बाजार, रावपुरा अशा जुन्या भागांत, जेथे एकत्र कुटुंबे अजून टिकून आहेत, तेथे हा पर्याय सर्वांत स्वाभाविक वाटतो आणि कागदावर तो सर्वांत चांगला दिसतो. त्याचे यश मात्र जवळजवळ पूर्णपणे अंतरावर ठरते. पाळणाघर पायी पाच मिनिटांवर असेल तर याच्यासारखे सुख नाही. पण ते शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर थकलेले बाळ रिक्षाच्या हेलकाव्यांनी वाटेत दहा मिनिटे झोपते, घराच्या जिन्यावर जागे होते, आणि मग दोन तास आजीच्या मांडीवर तळमळते, कारण त्या दहा मिनिटांनी झोपेची निकड तात्पुरती भागलेली असते. मे महिन्यात चाळीस अंशांवरच्या उन्हात एक वाजता तान्ह्या मुलाला बाहेर काढावे लागते, आणि पावसाळ्यात अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात, पाणी भरले की घरी पोहोचण्याची वेळ कोणीच सांगू शकत नाही. अंतर अधिक असल्यास दोन उपाय संभवतात: बाळाला पावणेबारालाच, झोप येण्यापूर्वी, घरी आणणे, किंवा पाळणाघरातच झोपू देऊन साडेतीननंतर आणणे. आजीच्या प्रकृतीचा विचारही हिशेबात धरला पाहिजे. तिची स्वतःची दुपारची विश्रांती या व्यवस्थेत संपते, आणि ही गोष्ट ती स्वतः होऊन बोलून दाखवत नाही.

कामाच्या ठिकाणचे पाळणाघर हा चौथा मार्ग थोडक्यात सांगण्यासारखा आहे, कारण तो थोड्यांनाच उपलब्ध असतो. वर उल्लेखिलेल्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कंपनीत ती सोय खरोखर असेल, तर अंगावर पिऊनच झोपण्याची सवय असलेल्या सहा महिन्यांच्या बाळासाठी तिची बरोबरी दुसरा कोणताही पर्याय करू शकत नाही.

कोणताही पर्याय निवडला तरी पहिले दोन-तीन आठवडे बाळ दिवसा कमी झोपणार हे गृहीत धरावे आणि त्या मुदतीपूर्वी पाळणाघर बदलण्याचा विचार करू नये. या काळातील खरा निर्णय संध्याकाळचा असतो. साडेपाचला बाळ घरी आले आणि डोळे चोळू लागले, तर त्याला तासभर झोपवावे की जागे ठेवून लवकर निजवावे? नऊ महिन्यांच्या आतील बाळाला वीस-तीस मिनिटांची डुलकी देण्यास हरकत नाही. त्यापुढील मुलाला मात्र संध्याकाळी न झोपवता सात-साडेसातला जेवण आटोपून रात्रीसाठीच झोपवणे अधिक हिताचे. याला घरातून विरोध होतो तो बाबांकडून, कारण आठला घरी येणाऱ्या बापाला मुलाचा सहवासच मिळत नाही. हा आक्षेप रास्त आहे. त्यावर सकाळचा तास बाबांच्या वाट्याला देण्याची तडजोड अनेक घरांत चालते. ही व्यवस्था कायमची नाही. दिवसाची झोप रुळली की रात्रीची वेळ पुन्हा साडेआठकडे नेता येते.

सुरुवातीची तारीख ठरवताना येथील सण लक्षात घ्यावेत. गणपतीत घरात पाहुण्यांचा राबता असतो, आणि नवरात्रात सोसायटीतील गरब्याचा ध्वनिवर्धक मध्यरात्रीपर्यंत चालू असतो. त्या नऊ रात्रींत बाळाची झोप दिवसाकडे कलणारच. शक्य असल्यास प्रवेश दसऱ्यानंतर घ्यावा, किंवा निदान गणपतीच्या महिनाभर आधी, म्हणजे तोपर्यंत बसलेली घडी थोडी विस्कटली तरी लवकर सावरते.

अडीच-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांपुढचा प्रश्न उलटा असतो. मुलाची दुपारची झोप सुटू लागलेली असते आणि पाळणाघर मात्र ठरलेले दोन तास त्याला आडवे ठेवते. अशा वेळी मोठ्या केंद्रांत जागी राहणारी मुले वेगळ्या खोलीत चित्रे किंवा ठोकळे घेऊन बसू शकतात का, हे विचारावे. नसल्यास पाऊण तासानंतर उठवण्याची सोय मागावी. झोप न येणाऱ्या मुलाला अंधारात दोन तास गप्प पडून राहायला लावणारे केंद्र, बाकी सर्व बाबतींत चांगले असले तरी, त्या वयाला मी सुचवणार नाही, आणि घरगुती पाळणाघरातील बेन जर त्याला शेजारी बसवून मटार सोलायला देत असेल तर ती व्यवस्था त्याहून उजवी समजावी.