समाजशास्त्राची तोंडओळख : एका ध्वनिचित्रित अभ्यासवर्गाविषयी
स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी घेतलेल्या या मराठी अभ्यासवर्गातील फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमवरचे व्याख्यान मी दोनदा पाहिले. आत्महत्येसारखी सर्वस्वी खासगी वाटणारी कृतीदेखील समाजाच्या बांधणीशी कशी निगडित असते, हे १८९७ च्या त्याच्या ग्रंथातील प्रोटेस्टंट आणि कॅथलिक समुदायांची तुलना फळ्यावर मांडून शिक्षकांनी इतक्या सावकाश उलगडले, की ‘सामाजिक तथ्य’ (व्यक्तीबाहेर असून तिच्या वागण्यावर दबाव टाकणाऱ्या सामाजिक रीती आणि बंधने) ही संज्ञा वेगळी पाठ करावी लागली नाही. मार्क्सचा वर्गसंघर्षही नीट समजतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरची मात्र बोळवणच केली आहे. त्याचे नोकरशाहीचे विवेचन छापील टिपणांत जेमतेम अर्ध्या पानात उरकले आहे. मुंबई विद्यापीठात १९१९ साली सुरू झालेल्या समाजशास्त्र विभागाचा आणि तेथे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्यांनी केलेल्या जातिविषयक अभ्यासाचा साधा उल्लेखही नसावा, हे आकारलेले शुल्क पाहता फारच खटकते.