पैसे परत मिळवून देणारा फोन : एकदा फसलेल्याला दुसऱ्यांदा कसं लुटतात

ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले की थोड्या दिवसांनी ‘पैसे परत मिळवून देतो’ असा आणखी एक फोन येतो. गेलेली रक्कम बोलणाऱ्याला माहीत असते, तारीखही माहीत असते. म्हणूनच भल्याभल्यांचा त्याच्यावर विश्वास बसतो.

समजा, देवगडच्या एका बागायतदाराला एप्रिलच्या धांदलीत कोणी फौजी असल्याचं सांगतो. युनिटच्या मेससाठी पाच डझनी चाळीस पेट्या हव्यात, आगाऊ पैसे आत्ताच पाठवतो म्हणतो. ओळखपत्राचा फोटो येतो, मागोमाग क्यूआर कोड. ‘स्कॅन करा, पैसे जमा होतील.’ पिन टाकला की 85,000 रुपये खात्यातून जातात. पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. पण पेट्या भरायला गडी खोळंबलेले, टेम्पो दारात उभा, अशा वेळी हे सुचत नाही. हे लोक फोनही नेमका अशाच वेळी करतात.

यानंतरचा तास फार मोलाचा. सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन केला, तर तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर चढते. तिथून ती आपल्या बँकेकडे आणि पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेकडे पोहोचते. पैसे तिथेच असतील तर त्यावर होल्ड लागतो, म्हणजे ते अडवून ठेवले जातात. पुढे सरकले असतील तर पुढच्या खात्याचा शोध सुरू होतो. ही खाती बहुधा भाड्याची असतात आणि रक्कम काही मिनिटांत पाच-दहा खात्यांत फुटून एटीएममधून निघते. फोन करताना खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, हाताशी ठेवावा. यूपीआयचा हा क्रमांक 12 अंकी असतो आणि ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. घरात रेंज नसेल तर सड्यावर जा, शेजाऱ्याच्या फोनवरून करा, पण संध्याकाळपर्यंत थांबू नका. 1930 लागत नसेल तर cybercrime.gov.in वर तक्रार भरा आणि बँकेलाही कळवा.

प्रत्यक्षात माणूस थांबतो, आणि त्याचं कारण रेंज नसते. वाडीत ही बातमी फुटली तर काय ऐकावं लागेल ते त्याला पाठ असतं. ‘एवढो शिकलेलो माणूस, आणि फसलो कसो?’ मुंबईचा मुलगा फोनवर ओरडणार, भावकीत गणपतीपर्यंत विषय पुरणार. घरफोडी झाली तर हेच गाव पंचनामा होईपर्यंत अंगणात बसून राहतं, चहा आणून देतं. फोनवरून लुटलं गेलं की मात्र चोर राहतो बाजूला आणि लुटलेल्याचीच परीक्षा सुरू होते. कायदा असा भेद करत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 प्रमाणे फसवणूक हा फसवणाऱ्याचा गुन्हा आहे. समोरचा भोळा होता की लोभी, याने तो पुसला जात नाही.

या गप्प बसण्यावरच दुसरी टोळी जगते. पुष्कळदा ती पहिलीच टोळी असते, किंवा फसलेल्यांची यादी तिने विकत घेतलेली असते. कधी आपणच तिला माहिती पुरवतो. फेसबुकवर कोणाच्या पोस्टखाली ‘माझेही 85,000 गेले’ असं लिहितो, तक्रारीचा फोटो मोबाईल क्रमांकासकट टाकतो.

फोनवरचा आवाज मृदू असतो. ‘काका, सायबर सेलमधून बोलतोय. तुमचे पैसे आम्ही पकडलेत.’ व्हॉट्सॲपवर राजमुद्रेचं पत्र येतं, खाली सही-शिक्का. मग फाइल फी 4,999. ती भरली की 85,000 वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 15,300, ‘परताव्यात जोडून मिळेल’. चोरीला गेलेले स्वतःचे पैसे परत घेताना कसला आलाय जीएसटी! पण पहिले पाच हजार गेलेले असतात, ते सोडवत नाहीत. शेवटी एनीडेस्कसारखं स्क्रीन दाखवणारं ॲप किंवा ‘रिफंड’ नावाची एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरचं ॲप, टाकायला लावतात. त्यातून ओटीपी वाचले जातात आणि खातं पुसून नेतात.

याहून वाईट प्रकार असा. खात्यात खरोखर एक लाख येतात. ‘जास्त आले, तुमचे 85,000 ठेवा, बाकीचे 15,000 या खात्यावर टाका.’ हा एक लाख दुसऱ्या कोणाच्या तरी चोरीचा असतो. तो माणूस तक्रार करतो, मग आपलं खातं गोठतं आणि आपल्यालाच पोलिसांना उत्तर द्यावं लागतं. असे अनोळखी पैसे आले तर पुढे पाठवू नयेत, खर्चू नयेत. शाखेत जाऊन लेखी कळवावं आणि पोच घ्यावी.

तरुण पोरांचं दुखणं वेगळं. अनोळखी मुलीचा व्हिडिओ कॉल येतो, त्याचं रेकॉर्डिंग होतं आणि पैशांची मागणी सुरू होते. मग दुसऱ्या क्रमांकावरून कोणी ‘दिल्ली पोलिस’ म्हणून बोलतो, तिसरा ‘यूट्यूबवरून व्हिडिओ काढून देतो’ म्हणून फी मागतो. तिन्ही आवाज एकाच टोळीचे. एक रुपया दिला की मागणी वाढते. चॅट आणि क्रमांकांचे स्क्रीनशॉट ठेवावेत, मग ब्लॉक करून तक्रार नोंदवावी. फोटो पसरण्याची भीती असेल तर स्टॉपएनसीआयआय ही मोफत सेवा आहे. तिथे फोटो द्यावा लागत नाही, आपल्याच फोनवर त्याचा सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी समाजमाध्यमांना तो अडवायला पाठवला जातो. ती प्रौढांसाठी आहे. अठराच्या आतल्यांसाठी टेक इट डाउन ही तशीच सेवा आहे. पोराला घरात आधी मार पडणार असेल तर तो हे कोणालाच सांगणार नाही, एवढं आईबापांनी धरून चालावं.

खरा मार्ग संथ आहे, पण त्यात कोणाला कमिशन द्यावं लागत नाही. होल्डवर अडकलेली रक्कम सोडवायला सहसा पोलिसांचा अहवाल आणि न्यायालयाचा आदेश लागतो. त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या कायद्याच्या, कलम 503 खाली अर्ज करतात. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. हद्द आमची नाही म्हणून पोलिसांना परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो हद्दीच्या ठाण्याकडे पाठवावा लागतो. बँक दाद देत नसेल तर तिच्याकडे लेखी तक्रार करून 30 दिवस थांबावं, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं. तिथेही फी नाही. वकील परवडत नसेल तर कोकणात अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोस इथे मोफत कायदेशीर मदत देणारं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन 15100. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथे उत्पन्नाची अट नाही, इतरांना महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे.

कचेरीबाहेर ‘साहेब ओळखीचे आहेत, वीस टक्के द्या, होल्ड उठवतो’ म्हणणारा भेटलाच, तर त्याला तक्रार क्रमांक, पासबुकाची प्रत किंवा कोऱ्या कागदावरची सही देऊ नये. होल्ड त्याच्या ओळखीने उठत नाही. तक्रारीचं काय झालं ते पोर्टलवर तक्रार क्रमांक टाकून आपलं आपल्यालाच पाहता येतं.