लॅपटॉप खरंच वेगाने चालू लागला होता

माझ्या मामांना एकाच टोळीने दोनदा लुबाडलं. पहिल्यांदा ७,९९९ रुपये गेले, दुसऱ्यांदा ४०,५००. मामा भोळे नाहीत. हायस्कुलात हेडक्लार्क होते, निवृत्तीनंतर सोसायटीचे हिशेब बघतात, पै-पैचा ताळा लागल्याशिवाय उठत नाहीत. ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि त्यांनी तो शेवटपर्यंत कुणाला सांगितलाही नाही. "आम्ही ओटीपी देत नाही, आम्हाला काय होतंय" म्हणणाऱ्यांनी पुढचं जरूर वाचावं.

लॅपटॉप जुना. फिरती हार्ड डिस्क, ४ जीबी रॅम, विंडोज १०. बुधवारी हिशेबाला बसायचं म्हणून बटण दाबलं की चहा होईपर्यंत एक्सेल उघडायचं नाही. त्यात लॅपटॉपबरोबर आलेलं अँटीव्हायरस मुदत संपूनही आत पडून होतं आणि त्याच्यावर दुकानदाराने दुसरं टाकून दिलं होतं. 'तुमचं संरक्षण संपलं आहे' अशी लाल खिडकी दर थोड्या वेळाने वर यायची. वैतागून मामांनी त्या अँटीव्हायरसचा कस्टमर केअर नंबर गुगलवर शोधला. यादीत सगळ्यात वर जो नंबर दिसला तो लावला. ती जाहिरात होती. पैसे भरून भामटेही तिथे स्वतःचा नंबर लावू शकतात, हे किती जणांना माहीत असतं?

पलीकडचा माणूस अतिशय अदबीने बोलत होता. त्याने स्क्रीन दुरून ताब्यात घेण्याचं अ‍ॅप उतरवून घ्यायला लावलं. असली अ‍ॅप स्वतः खोटी नसतात, ऑफिसात रोज वापरतात. पण रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्क या अशाच अ‍ॅपचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं, ते उगाच नाही. मग त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडलं. त्यात लाल गोळे आणि पिवळे त्रिकोण, शेकड्याने. "सर, ये सब हॅकर लोग का एंट्री है." तुमच्या अगदी धडधाकट कॉम्प्युटरवर आत्ता इव्हेंट व्ह्यूअर उघडा, तेच गोळे दिसतील. एखादी सेवा वेळेत सुरू झाली नाही तरी विंडोज तिथे नोंद करून ठेवतं.

पुढची करामत जास्त भारी होती. विंडोजच्या 'कमांड प्रॉम्प्ट' या काळ्या खिडकीत 'असॉक' ही आज्ञा टाकली की मोठी यादी सरकत जाते आणि शेवटाकडे ८८८डीसीए६० ने सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक दिसतो. तो माणूस फोनवर हाच क्रमांक अक्षर-अक्षर वाचू लागला आणि मामा स्क्रीनवर ताडून पाहू लागले. तंतोतंत जुळला! "हा तुमच्या मशीनचा लायसन्स आयडी आहे सर, आमच्या सर्व्हरवर आहे म्हणूनच मला दिसतो." खरं म्हणजे हा क्रमांक जगातल्या बहुतेक सगळ्या विंडोजवर एकच असतो. हेडक्लार्क माणसाला क्रमांक जुळला की विश्वास बसतो. त्या माणसाने बरोबर तीच नस पकडली.

तीन वर्षांची 'सिक्युरिटी' घेतली, कार्डाने पैसे भरले, ईमेलवर पावतीही आली. मग तासभर त्यांचा 'इंजिनीयर' लॅपटॉपवर काहीबाही करत राहिला. आणि त्यानंतर लॅपटॉप खरंच वेगाने चालू लागला.

सगळी गोम इथे आहे. मामांनी कौतुकाने मला फोन केला, शेजारच्या कुलकर्णी काकांनाही तो नंबर दिला. चोराने काम करून दाखवलं की तो चोर वाटत नाही.

वेग कसा आला, ते मला नंतर लॅपटॉप हातात घेतल्यावर कळलं. त्यांनी दोन्ही अँटीव्हायरस काढून टाकली होती, विंडोजचं स्वतःचं अँटीव्हायरस, डिफेंडर, बंद केलं होतं आणि विंडोज अपडेटची सेवाही बंद करून ठेवली होती. बदल्यात काय बसवलं? डेस्कटॉपवर ढालीचं चित्र असलेला एक शॉर्टकट. त्यावर क्लिक केलं की एक वेबपान उघडायचं, बाकी काही नाही. दुरून शिरायचं अ‍ॅप मात्र त्यांनी ठेवलं होतं, आणि तेही अशा सेटिंगने की मामांनी परवानगी न देता त्यांना कधीही आत येता यावं. घराला कुलूपच ठेवलं नाही तर आत-बाहेर करायला वेळ लागत नाही, तसा तो वेग होता.

मूळचा संथपणा रोगाचा नव्हताच. विंडोजचे महिन्याचे अपडेट दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेतल्या सकाळी सुटतात, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराला. मामा लॅपटॉप उघडणार बुधवारी, तेही तासभर. आठवडाभर तुंबलेलं सगळं त्या तासात अंगावर यायचं: अपडेट उतरवणं, ते बसवणं, नवे व्हायरस ओळखण्याच्या ताज्या याद्या, राहून गेलेलं स्कॅन. दोन परकी अँटीव्हायरस एकमेकांच्या फायली तपासत बसलेली, ती वेगळीच. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसतं ते यामुळे. शेवटी मामा चिडून बटण दाबून धरायचे, लॅपटॉप बंद. अर्धवट राहिलेलं अपडेट पुढच्या बुधवारी पुन्हा पहिल्यापासून. याला औषध फुकटातलं आहे. महिन्यातून एकदा चार्जर आणि वायफाय जोडून लॅपटॉप दुपारभर चालू ठेवायचा आणि सगळं उरकलं की रीस्टार्ट करायचा. अँटीव्हायरस एकच. डिफेंडरवर भागत असेल तर तेवढंच पुरे. आणि खर्च करायचाच झाला तर हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवण्यावर करावा, फरक डोळ्यांना दिसतो.

काही महिन्यांनी दुसरा फोन आला. "सर, आमची कंपनी भारतातली सेवा बंद करतेय, तुमचे राहिलेले ४,५०० परत द्यायचे आहेत." पैसे मागणारा फोन असता तर मामा बिचकले असते. हा तर देणारा! नेटबँकिंग उघडायला सांगितलं, पासवर्ड मामांनी स्वतः टाकला, मग "रिफंड फॉर्म भरतोय" म्हणत त्याने क्षणभर स्क्रीन काळी केली. लगेच मोबाइलवर बँकेचा एसएमएस: ४५,००० जमा. मेसेज अस्सल होता, पैसेही खरे होते. फक्त ते मामांचेच होते. मामा-मामींचं जोडखातं त्याच बँकेत, त्याच लॉगिनमध्ये. तिथून पेन्शनच्या खात्यात त्याने रक्कम सरकवली. स्वतःच्याच दोन खात्यांत पैसे हलवायला त्यांच्या बँकेत ओटीपी लागत नव्हता. वजा झाल्याचा मेसेज गेला मामींच्या नंबरवर, आणि त्यांचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला.

मग पलीकडे रडारड सुरू. एक शून्य जास्त पडलं, नोकरी जाईल, लहान मुलं आहेत. हिशेबी माणसाला दुसऱ्याचा पैसा खात्यात पडलेला सहन होत नाही. लॅपटॉपच्या स्क्रीनवर क्यूआर कोड आला, मामांनी फोनने तो स्कॅन केला, स्वतःचा पिन टाकला आणि ४०,५०० परत केले.

संध्याकाळी मामींनी मेसेज वाचला तेव्हा उलगडा झाला. मी फोनवरून पहिल्यांदा वायफाय बंद करायला लावलं, मग १९३० वर फोन. ही राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन. जितक्या लवकर लावाल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडण्याची शक्यता जास्त. त्याच रात्री सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर पूर्ण तक्रार भरली: व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो), खातेउतारा, फोन आलेला नंबर, स्क्रीनशॉट. नेटबँकिंगचा पासवर्ड मोबाइलवरून बदलला, त्या लॅपटॉपवरून नव्हे. लॅपटॉप पुसून विंडोज नव्याने टाकलं, कारण असा परका हात फिरून गेलेल्या मशीनमध्ये मागे काय राहिलंय याची खात्री देता येत नाही.

बँकेने हात वर केले. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक ग्राहकाला संरक्षण देत होतं ते त्याच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांत. इथे पिन मामांनीच टाकलेला. तरी निम्म्याहून थोडी कमी रक्कम पुढच्या खात्यात गोठलेली सापडली आणि न्यायालयाच्या आदेशानंतर परत मिळाली. उरलेली त्याआधीच एटीएममधून निघून गेली होती.

विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आता त्या नावाने फोन येतील. मायक्रोसॉफ्ट आपल्या इशाऱ्याच्या खिडकीत कधीही फोन नंबर देत नाही. नंबर दिसला की खिडकी खोटी. ती बंद होत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पहिल्या ७,९९९ रुपयांची तक्रारही आम्ही जोडली होती, पण त्यांची रीतसर पावती आहे आणि कागदोपत्री ती अजून 'सेवेची खरेदी'च दिसते. कुलकर्णी काकांनी तो नंबर लावला नव्हता, एवढं बरं झालं.