डॉट-बी: तासिका चांगल्या, पण सगळ्या वर्गाला सक्तीने नकोत

इंग्लंडच्या 'माइंडफुलनेस इन स्कूल्स प्रोजेक्ट' या संस्थेचा 'डॉट-बी' हा माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठीचा माइंडफुलनेसचा, म्हणजे चालू क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याचा, अभ्यासक्रम. ३० ते ५० मिनिटांच्या दहा तासिका. शिकवणाऱ्याने आधी स्वतः आठ आठवड्यांचा माइंडफुलनेस कोर्स करायचा, मग प्रशिक्षण घ्यायचं. ही अट फार योग्य आहे. ज्याला स्वतःला पाच मिनिटं शांत बसवत नाही, त्याच्या वर्गात दुसऱ्याच मिनिटाला खुसखुस सुरू होते.

तंत्रं उपयोगी आहेत. 'सेव्हन-इलेव्हन'मध्ये सात मोजेपर्यंत श्वास आत घ्यायचा आणि अकरा मोजेपर्यंत सोडायचा. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. आकडे सावकाश मोजले तर लहान मुलांना धाप लागते. तेव्हा तीन-पाचवर यावं, श्वास मात्र रोखू देऊ नये. त्याहून चांगला भाग म्हणजे पायांचे तळवे जमिनीवर आणि बूड खुर्चीवर टेकल्याची जाणीव. परीक्षेच्या बाकावर कुणाला न कळता करता येते. मुळातच घाबरट मुलाला श्वासाकडे बघायला लावलं की कधी कधी जीव अधिकच घाबरा होतो. त्याला तळव्यांकडे लक्ष द्यायला सांगावं, डोळेही उघडे ठेवू द्यावेत.

मग मुलांचं मानसिक आरोग्य सुधारतं का? 'मिरियड' या ब्रिटिश चाचणीत ८५ शाळा आणि ८,३७६ विद्यार्थी होते, निष्कर्ष २०२२मध्ये आले. निम्म्या शाळांत हाच अभ्यासक्रम, उरलेल्यांत नेहमीचं भावनिक-सामाजिक शिक्षण. नैराश्याचा धोका, वर्तन, स्वास्थ्य, कशातच वर्षभरानंतर डॉट-बी सरस ठरला नाही. शिक्षकांचा थकवा सुरुवातीला कमी झाला, तोही परिणाम टिकला नाही.

सगळ्यात कच्चा दुवा गृहपाठ आहे. सराव घरी करायचा होता आणि बहुसंख्य मुलांनी तो जेमतेम केला किंवा केलाच नाही. अकरा-तेरा वर्षांच्या ज्या मुलाने हे मागितलेलं नाही, ते घरी जाऊन डोळे मिटून बसेल ही अपेक्षाच चुकीची. आपल्याकडच्या, महाराष्ट्रातल्या शाळांसाठीच्या 'मित्र उपक्रमा'त आनापानाची, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष देण्याची, दहा मिनिटं शाळेच्याच वेळात ठेवली आहेत. त्याचे परिणाम स्वतंत्रपणे तपासायला हवेत, पण ही रचना घेण्यासारखी आहे.

शाळेने हा अभ्यासक्रम घेतला तर इच्छुक मुलांसाठी घ्यावा, समुपदेशकाच्या जागी कधीच नाही. सरावात कुणी रडू लागलं किंवा गप्प गप्प झालं तर 'अजून थोडं बस' म्हणू नये. सराव थांबवावा, मुलाला उठू द्यावं आणि त्याच दिवशी समुपदेशकाशी गाठ घालून द्यावी.