चिवावा की पग?

मैत्रिणीच्या घरात चार वर्षांचा मुलगा. कुत्रा आणायचाय, पण चिवावा आणावा की पग, या दोन छोट्या जातींवर तिचं अडलंय. मी आधी स्वभाव बघेन. चिवावा बहुधा एकाच माणसाला जीव लावतो, पाहुण्यांवर भुंकून घर डोक्यावर घेतो. वजन जेमतेम ३ किलो, पण आव वाघाचा! मुलाने आवळलं तर चावेल, हातातून निसटला तर त्याचंच हाड मोडेल. पग ६ ते ८ किलोचा, सगळ्यांत मिसळणारा, भुंकणंही कमी. मात्र चपट्या नाकामुळे उन्हात धापा टाकतो, रात्री घोरतो. केस दोघांचे गळतात, पगचे जास्त.

शांत घर, मोठी माणसं आणि लहानपणापासून शिस्त लावायची तयारी असेल तर चिवावा. लहान मूल, सतत ये-जा असेल तर पग. डॉक्टरचा खर्च मात्र धरून चालायचा.