शॉर्ट स्केलच्या नावाखाली कापलेल्या तारा, आणि माझे ५,३०० रुपये

बेस गिटार वाजवणाऱ्यांनी वाचा. घरात कुणी नव्याने शिकत असेल तर त्याच्या आईवडिलांनीही वाचा. बाकीच्यांना हसायचं असेल तर हसा, आमच्या घरात हसून झालं आहे.

मी २२ वर्षं हौशी ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. हे आधीच सांगतो, कारण ज्याला त्याला किस्सा सांगितला त्याने पहिलं वाक्य हेच टाकलं: "तुला कळलं नाही?" नाही कळलं. डावा खांदा आखडल्यापासून ३४ इंची बेसवर पहिल्या फ्रेटपर्यंत हात पोचवताना डोळ्यांत पाणी येतं, म्हणून गेल्या वर्षी ३० इंची सेकंडहँड घेतला. शॉर्ट स्केल, म्हणजे तारेचा वाजणारा भाग (त्यालाच स्केल म्हणतात) आखूड. पोरांचं खेळणं म्हणू नका, बीटल्सच्या मॅकार्टनीचा तो व्हायोलिनच्या आकाराचा बेसही ३० इंचीच आहे.

गोची तारांची. १९५१ मध्ये फेंडरने प्रिसिजन बेस काढला तो ३४ इंची, आणि तेव्हापासून तीच लांबी रूढ झाली. त्यामुळे मुंबईत कुठल्याही दुकानात जा, काउंटरवरचा पोरगा लाँग स्केलचाच सेट पुढे सरकवतो. मला दोन ठिकाणी सांगितलं, "घ्या हो, जास्तीची तार कापून टाका." कापायची नसते रे बाबा! निदान अशी नाही. बेसच्या जाड तारेत मधे पोलादी गाभा असतो आणि त्यावर वेटोळी. टोकाकडे ती निमुळती होते, म्हणजे कीभोवती, म्हणजे तार ताणायच्या खुंटीभोवती, नीट गुंडाळली जाते. लांब तार आखूड बेसवर चढवली की निमुळता भाग कीच्या पार पलीकडे जातो आणि कीवर येते पूर्ण जाडीची तार. ईची, म्हणजे सगळ्यात जाड, १०५ नंबरची तार कीच्या फटीत शिरतच नाही. दाबून बसवली तर वळणावर वेटोळी उघडतात. आणि काही तारांचा गाभा गोल असतो, त्या आधी वळवून मग कापाव्या लागतात. सरळच कापल्या तर वेटोळी गाभ्यावर सैल पडतात आणि आवाज मेलाच म्हणून समजा.

हे सगळं मला माहीत होतं. तरी गंडलो.

जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर एक जाहिरात दिसली: 'बेस स्ट्रिंग्ज, इम्पोर्टेड, सीलपॅक'. मी विचारलं, लाँग की शॉर्ट? तो म्हणाला, "काका, तुमचा किती इंची?" मी भोळसटासारखा सांगून मोकळा झालो, ३० इंची. तासाभराने उत्तर आलं, "शॉर्ट स्केलच आहे काका, नशीबवान आहात." जाहिरातीतही शीर्षकात 'शॉर्ट स्केल' आलं होतं. ते मी वाचलं होतं! वाचून मनात काय आलं, तर 'बरं झालं, पोरगं नीटनेटकं आहे'. सेटचा भाव २,८०० रुपये, दोन सेट ५,६००. घासाघीस करून ५,३०० वर आणला आणि त्या ३०० रुपयांचं कौतुक घरी दोनदा सांगितलं.

मध्य रेल्वेवरच्या एका स्टेशनच्या पुलावर भेटलो, संध्याकाळी ७ वाजता, म्हणजे जेव्हा माणसाला उभं राहायलाही जागा नसते. त्याने पाकीट दिलं. प्लास्टिकमधून मी बोट फिरवलं आणि तारेचं टोक टोचलं. हाच तो क्षण. रात्री झोप लागत नाही तेव्हा तो पूल आठवतो. कारखान्यातून आलेल्या जाड तारेचं टोक बारीक होत जातं, पुष्कळदा त्यावर रंगीत दोरा गुंडाळलेला असतो. इथे टोक जाडच्या जाड, पक्कडीने तोडल्यासारखं चपटं, आणि त्यावर कसला तरी चकचकीत गोंदाचा थेंब. मी विचारलंही, "हे असं का?" तो म्हणाला, "नवीन टाइप आहे काका, सुटू नये म्हणून सील केलंय." मागून लोंढा आला, कुणाचा तरी डबा पाठीत लागला, आणि मी यूपीआयचा पिन टाकला. २२ वर्षं तारा हाताळलेला माणूस, आणि 'नवीन टाइप' ऐकून गप्प.

कोजागिरीच्या कार्यक्रमाला दुसऱ्याच गाण्यात ई तार अर्ध्या सुराने उतरली. ताणली की पुन्हा उतरे. चौथ्या गाण्यात कीपाशी वेटोळं उलगडलं आणि तार लोंबली. कीबोर्डवाल्याने डाव्या हाताने बेस भरून काढला, मी अडीच तास मसाला दूध पीत बसलो. माझे मानधनाचे १,८०० रुपये मी स्वतःच घेतले नाहीत.

दुरुस्तीवाल्याने ५०० रुपये घेऊन निदान केलं: लाँग स्केलच्या तारा, त्याही वापरलेल्या, उकळून चमकवलेल्या. दुसरा सेटही तसाच. कॉलेजात पैसे नसताना आपणही तारा उकळल्या आहेत, पण विकल्या नाहीत.

आता तक्रारीची गंमत. तारा विकणाऱ्याने मला ब्लॉक केलं होतं. चौकीत गेलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "गिटारला सहा तारा असतात ना?" बेसला चार असतात, मी म्हटलं. "तुम्हाला किती मिळाल्या?" सेटमागे चार. "मग?" लांबीचं सांगितलं तर म्हणाले, "लांब मिळाल्या म्हणजे जास्तच मिळालं की." मग कळलं की व्यवहार पुलावर झाला, म्हणजे रेल्वेच्या हद्दीत. तिकडे गेलो तर ते म्हणाले, चोरी झाली का? नाही ना? पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, माल हातात घेतलात, दिवाणी बाब आहे. बँकेत उत्तर एकच: पिन तुम्हीच टाकलात. अ‍ॅपवाल्यांकडून रोज 'आपले समाधान झाले का' असा मेसेज येतो. दोन रजा गेल्या. हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते असं २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत लिहिलंय. मी ते कलम १७३ मोबाइलवर दाखवलं, तर "तुम्ही वकील आहात का?"

तेव्हा आधी आपला बेस मोजा. नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर दुप्पट केलं की स्केल निघतो, पण तेवढ्यावर थांबू नका. तारेच्या खालच्या टोकाचा बॉल जिथे अडकतो तिथपासून नटपर्यंत वेगळी टेप लावा, कारण काही बेसमध्ये तार शरीराच्या मागून ओवलेली असते आणि तिथे जास्त लांबी लागते. पूर्ण जाडीचा भाग नट ओलांडून गेला पाहिजे आणि कीच्या आधी बारीक व्हायला लागला पाहिजे. पाकीट समोर फोडा, नाही म्हणाला तर चालू पडा. आणि विकणाऱ्याला आपलं माप आधी सांगू नका, त्याला बोलू द्या! पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, लगेच फोन करा, मी तीन दिवस लाजेपायी केला नाही.

खरा शॉर्ट स्केलचा सेट शेवटी ४,१५० रुपयांना मागवला, बारा दिवसांनी आला.

काल भाच्याच्या फोनवरून त्याच जाहिरातीवर मेसेज टाकला: 'मीडियम स्केल मिळेल का, ३२ इंची?' दहा मिनिटांत उत्तर आलं. "आहे ना दादा, नशीबवान आहात. उद्या पुलावर या."