‘डोना नोबिस पाचेम’ आधी ऐकावे की ‘वॉर रिक्वियम’?

शांततेची याचना करणाऱ्या इंग्रज संगीतकारांच्या या दोन रचनांपैकी एकच ऐकण्याइतकी सवड असेल, तर आधी वेळेचा हिशेब पाहावा. व्हॉन विल्यम्स यांचे ‘डोना नोबिस पाचेम’ (लॅटिनमध्ये ‘आम्हाला शांती दे’, १९३६) चाळीस मिनिटांच्या आत संपते. बेंजामिन ब्रिटन यांचे ‘वॉर रिक्वियम’ (रिक्वियम म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, १९६२) जवळजवळ दीड तास चालते आणि त्याला तीन एकल गायक, मुलांचा गायकवृंद व मोठ्या वाद्यवृंदाखेरीज १२ वादकांचा वेगळा ताफा लागतो.

खरा फरक मात्र काळाचा आहे. पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका पथकात राबलेल्या व्हॉन विल्यम्स यांनी दुसरे महायुद्ध तीन वर्षांवर आलेले असताना ही विनवणी लिहिली, तर ब्रिटन यांची रचना १९४० च्या बाँबफेकीत उद्ध्वस्त झालेल्या इंग्लंडमधील कॉव्हेंट्री कॅथेड्रलशेजारी उभ्या राहिलेल्या नव्या वास्तूच्या अर्पणसोहळ्यासाठी होती. पहिली रचना युद्ध टळावे म्हणून विनवते, दुसरी मेलेल्यांचा शोक करते.

व्हॉन विल्यम्स यांनी अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनच्या कविता घेतल्या आहेत. नगारे आणि बिगुल दारे-खिडक्या फोडून प्रार्थनागृहात, नवरदेवाच्या घरात घुसतात, तिथे समूहस्वर अक्षरशः अंगावर येतो. पुढे बापलेकांची एकत्र अंत्ययात्रा निघते, तेव्हा तोच समूह हळवा होतो. शेवटची बायबलमधील आशावचने मला थोडी जुळवून आणल्यासारखी वाटतात, परंतु त्यांच्यानंतर सोप्रानोचा (उंच पट्टीतील गायिकेचा) एकटा आवाज पुन्हा तेच मागणे मागत विरून जातो आणि त्या आशेवर प्रश्नचिन्ह उमटते.

ब्रिटन यांनी लॅटिन प्रार्थनांच्या मध्ये विल्फ्रेड ओवेनच्या नऊ कविता गुंफल्या. हा कवी पहिल्या महायुद्धाच्या युद्धविरामाच्या आठवडाभर आधी रणांगणावर मारला गेला. घंटा आणि गायकवृंद वारंवार एकाच अस्वस्थ अंतराभोवती घोटाळतात. आपल्या परिभाषेत सांगायचे तर ते षड्ज आणि तीव्र मध्यम यांचे अंतर आहे, आणि रागसंगीताला सरावलेल्या कानाला तो ताण चटकन ओळखू येईल.

पाश्चात्त्य समूहगायनाची ओळख नसेल, तर व्हॉन विल्यम्सच आधी ऐकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रिटनसाठी सलग दीड तास आणि ओवेनच्या कवितांचा मजकूर समोर हवा. शेवटी मारलेला शत्रू मारणाऱ्यालाच ‘मित्रा’ म्हणतो, ती ओळ शब्द न कळता ऐकण्यात काही अर्थ नाही.